टेंपोतून महाराजांची ठिकाणं

आमच्या सासरी किस्सा शिळा होत नाही, मुरतो. दुपारी घडलेली गोष्ट संध्याकाळी जेवताना एकदा सांगून होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना सांगताना तिला फोडणी बसते. आठवड्यानं पाहुणे येईपर्यंत ती अशी काही खुललेली असते, की ज्याची गोष्ट त्यालाच ती ओळखू येत नाही! मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस नुसती ऐकत बसले होते. मुळात मी कमी बोलते. त्याचं सासरी फार कौतुक झालं. "सून लई गरीब हाय हो!" कमी बोलणाऱ्याला जास्त ऐकू येतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ते एका अर्थी बरंच झालं.

आता घरच्यांच्या आधी मीच एकदा लिहून ठेवते. फोडणी कमीत कमी.

आमचं घर पुनावळ्याचं. शेती जुनी, नोकऱ्या नव्या. मामंजी चिंचवडच्या एका कारखान्यात गेटवर हेड वॉचमन. थोरल्या भाऊजींचा तीनचाकी टेंपो आहे, तो या कारखान्यातून त्या कारखान्यात माल पोचवतो. आमचे 'हे' एका कंपनीत टर्नर. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण घर त्यांच्या शब्दावर चालतं. मोठ्या जाऊबाई, त्यांची नऊ वर्षांची चिमी, पाच वर्षांचा राजू. आणि मी, साताऱ्याहून आलेली, बी.ए.चं शेवटचं वर्ष अर्ध्यात टाकून बोहल्यावर चढलेली.

या घरात नवी सून आली की वर्षाच्या आत तिला देहूच्या महाराजांची ठिकाणं दाखवायची रीत आहे. आधी चाकणजवळचा भामचंद्राचा डोंगर, मग भंडाऱ्याचा, आणि शेवटी देहूचा डोह. पूर्वी बैलगाडीनं दोन दिवस लागत. आणि डोहाकाठी सुनेनं एक मागणं मागायचं. तेही मोठ्यानं, सगळ्यांसमोर!

"मनातल्या मनात मागायचं न्हाई," सासूबाईंनी मला आधीच बजावलं. "द्यायचं घरानं आसतंय. महाराज कुठनं आणून देतील? त्यांच्या मागं मागणारे काय कमी हायेत?"

जाऊबाईंनी त्यांच्या वेळी प्रेशर कुकर मागितला होता. मिळाला. घरी आला तेव्हा त्याला हळदकुंकू वाहिलं आणि पहिली शिट्टी झाली तेव्हा मामंजी शिफ्टची वेळ झाली म्हणून उठून उभे राहिले!

"आणि आई, तुम्ही काय मागितलं होतं?" मी विचारलं.

"बैल."

"बैल?"

"तोंडच उघडंना बाई. सासरे मागनं वरडले, 'बोल की!' तर तोंडातनं निघालं, बैल! आले मग. चांगले व्हते. पर मला बैल न्हवते पायजे."

काय पाहिजे होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मला काय पाहिजे ते मला ठाऊक होतं. परीक्षेला बाहेरून बसण्याचा फॉर्म एका मैत्रिणीनं पुण्याच्या कॉलेजातून मला आणून दिला होता. भरायची मुदत महिनाअखेरपर्यंत. खाली एक रिकामी रेघ होती : 'पालक किंवा पती यांची सही'. ह्यांना दाखवला. ह्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला, उजेडाकडे धरून पाहिला, लेथवरून उतरलेला जॉब तपासतात तसा. मग म्हणाले, "माझी काही ना नाही. फक्त आईला विचार."

मामंजींना विचारावं, तर त्यांचं उत्तर पाठ झालेलं : "घरात इचारा." आणि घरात म्हणजे सासूबाईंना!

तेव्हा मी ठरवलं, डोहाकाठी हेच मागायचं. रीतीला नाही कोण म्हणणार?

* * *

आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, शाळांना रविवारी. बापलेक एका घरात राहतात, पण सुट्टीच्या दिवशी भेटत नाहीत! त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीतला एक गुरुवार धरला. त्या दिवशी नेमकी एकादशी आली. सासूबाईंना वाटलं हा योग महाराजांनीच जुळवला.

भाऊजींनी टेंपो सोड्याच्या गरम पाण्यानं तीनदा धुतला, गोणपाटं टाकली, वर सतरंजी. "आता यात बाळंतीण बसवा!" असं म्हणून त्यांनी फळी उघडली. पुनावळ्याची वेस ओलांडेपर्यंत माझ्या नव्या साडीवर रुपयाएवढा ऑइलचा डाग पडला होता. मी तो पदराखाली लपवत होते. जाऊबाईंनी शांतपणे आपल्या साडीची घडी उलगडून दाखवली.

"हा माझ्या मांडवपरतणीचा. हा चिमीच्या बारशाचा. हा राजूच्या जावळाचा. तुझा आज पडला. आता तू घरची झालीस!"

माझ्या पर्सलाही ऑइल लागलेलं. फॉर्म आत. चिमीजवळ तिची गणिताची वही होती, जाड पुठ्ठ्याची, वर खाकी कव्हर घातलेली. सुट्टीत रोज पाच गणितं सोडवायची होती आणि जाऊबाई तिला वहीशिवाय कुठं जाऊ देत नसत. मी फॉर्म तिच्या वहीत सरकवला.

"जपून ठेव हं चिमे. आणि कुणाला सांगू नकोस."

"काकी, या वहीला कोण हात लावतंय? मी पण लावत नाही!"

* * *

चाकणला चाकात हवा भरायला थांबलो. तिथं कांद्याचा बाजार. एक शेतकरी येऊन टेंपोला टेकला.

"कुठवर चाललाय, राव?"

"भामचंद्र, भंडारा, मग देहू," भाऊजी म्हणाले.

"रिकामेच?"

भाऊजींनी मागं वळून आमच्याकडे पाहिलं. मामंजी, जाऊबाई, हे, मी, चिमी. पुढं सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर राजू.

"रिकामेच की!" भाऊजी म्हणाले.

पाच पोती कांदा चढला. देहूत त्या माणसाच्या मेव्हण्याच्या दुकानात टाकायचा होता. जाऊबाई नवऱ्याकडे अशा बघत होत्या, की भाऊजींनी अर्धा तास मान वळवली नाही. आम्ही पोत्यांवर चढून बसलो. हे म्हणाले, "अगं आई, आज एकादशी! आज कांदा?"

सासूबाई पुढून ओरडल्या, "खायला मना केलंय. बसायला कुनी मना केलंय?"

खरं सांगते, गोणपाटापेक्षा कांदा बसायला चांगला. खड्डा आला की आपल्याआधी तो दबतो.

* * *

मामंजींना माणसं मोजायची सवय आहे. जिथं थांबू तिथं ते सगळ्यांवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "आठ." मग जीव भांड्यात पडतो. त्यांचाही, आमचाही.

भामचंद्राच्या डोंगरावर महाराज ध्यानाला बसत ती गुहा आहे. सासूबाई अनवाणी आणि सगळ्यांच्या पुढं. आम्ही तरुण मंडळी धापा टाकत मागं. दर्शन झालं. गुहेचं तोंड ठेंगणं, एकेकानं वाकून बाहेर यायचं. मामंजी आधीच बाहेर येऊन बाजूला उभे. आम्ही एकेक बाहेर पडतोय, ते मोजतायत. सात आणि स्वतः धरून आठ झाले. आमच्या मागून एक अनोळखी धिप्पाड गृहस्थ वाकून बाहेर आले, खांद्याला पिशवी.

मामंजींचा हात आडवा झाला. "डबा उघडा."



आणि त्या गृहस्थांनी काय करावं? पिशवीतला डबा काढला, झाकण उघडून पुढं धरला आणि दुसरा हात आपसूक वर केला!

"शेंगदाणे हायेत, साहेब."

मामंजींनी डब्यात पाहिलं. काखेपासून कमरेपर्यंत एकदा चाचपलं. "जा."

गृहस्थ चार पावलं गेले. थांबले. सावकाश मागं वळले. मामंजींचा हात अजून आडवाच होता.

"कुठल्या कंपनीत?" मामंजींनी हळूच विचारलं.

"भोसरीला. शेकंड शिफ्ट."

"माफ करा, पाव्हणं. सवय."

"आवो, माफी कसली! तुमी म्हनला आन् हात वर गेला बघा. मला वाटलं, मी कामावरच हाय!"

मग दोघं दगडावर बसून तेच शेंगदाणे खात राहिले. एकादशीला चालतात. चिमीनं विचारलं, "आजोबा, महाराजांच्या गुहेतून कोण काय चोरणार?"

मामंजी म्हणाले, "तपासणी चोरासाठी नसतीया, पोरी. तपासणाऱ्याची सवय मोडू न्हाई म्हणून आसती."

* * *

भंडाऱ्याच्या डोंगरावर आम्ही फराळाला बसलो. साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी. चिमी आजीच्या मांडीला टेकून.

"आजी, महाराज इथं काय करायचे?"

"देवाचं नाव घ्यायचे. अभंग करायचे."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"मग घरी पाणी कोण भरायचं?"

"बायको."

"आणि जेवायचं?"

"बायको भाकरी घिऊन यायची. एवढा डोंगूर चढून."

"मग ती कुठं बसायची?"

भाऊजी हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

"ती कशाला बसतीया? भाकरी ठेवायची आन् खाली जायचं." थोडा वेळ त्यांनी रताळ्याचं साल काढलं. "मी बी गेटावर डबा न्यायची की. उन्हाचं, पावसाचं. आत कुनी बस म्हनलं न्हाई. गेटाच्या भाईर हुबी."

"कंपनीचा नियम हुता," मामंजी घड्याळाकडे बघत म्हणाले.

"व्हय. नियम."

त्यानंतर रताळी कुणी मागितली नाहीत.

मी हात धुवायच्या निमित्तानं देवळाच्या मागं गेले. डोहाकाठी बोलायचं वाक्य मला म्हणून पाहायचं होतं. सासूबाईंचे बैल डोळ्यांसमोर होते. माझी जीभ अडली आणि तोंडातून भलतंच काही निघालं, तर जन्मभर आमच्या गोठ्यात ते बांधलेलं असणार!

"आई, मला परीक्षेला बसायचंय." पहिल्यांदा म्हटलं ते वाऱ्यानंच नेलं. दुसऱ्यांदा माझं मलाच हसू आलं. तिसऱ्यांदा मात्र अगदी स्वच्छ, खणखणीत झालं. खूश होऊन मागं वळले, तर चार हातांवर मामंजी उभे!

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली इंद्रायणीकडे पाहिलं.

"आठ," ते म्हणाले, आणि गेले.

* * *

देहूला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. घाटावर एक म्हातारबुवा मुलांना गोष्ट सांगत होते. महाराजांच्या अभंगांच्या वह्या लोकांनी या डोहात बुडवायला लावल्या. महाराज तेरा दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर बसले, आणि तेराव्या दिवशी वह्या वर आल्या. कोरड्या!

"शाई पसरली नाही?" चिमी.

"न्हाई, बाळ."

"थोडी पण?"

"थोडी बी न्हाई."

"मग कुठलीही वही वर येते का?"

म्हातारबुवा दिवसभर गोष्ट सांगून दमले असावेत. ते म्हणाले, "जे बरोबर आसंल ते वर येतंय. चुकीचं बुडतं."

तेव्हाच मी चिमीच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. पण सासूबाईंनी मला हाक मारली. पाण्याच्या पायरीवर उभं केलं. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. सगळे ओळीनं उभे राहिले. राजूसुद्धा गप्प. हे माझ्याकडे बघून बारीकशी मान हलवत होते, म्हणजे 'बोल बोल'. मामंजी ओळीच्या टोकाला.

"माग," सासूबाई म्हणाल्या.

मी श्वास घेतला. "आई, मला..."

धप्प!

डोहात खाकी कव्हरची वही पडली, एकदा उलटी झाली, आणि मासे बाजूला करत खाली गेली. वरच्या पायरीवर चिमी, हात अजून पुढं.

"माझा कागद!" मी ओरडले.

अशी ओरडले, की समोरच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाईचा हात थांबला. माझा आवाज एवढा मोठा आहे हे आपल्याला त्याच दिवशी कळलं, असं हे अजून सांगतात.

"चिमे! काय केलंस हे?" जाऊबाई धावल्या.

"गणितं बरोबर असतील तर वर येतील ना! मग बाईंनी तपासायला नको!"

ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बुटांसकट पाण्यात उतरले. बराच वेळ वाकून चाचपलं. हाताला एक चप्पल लागली, तीही दुसऱ्याच कुणाची. पण उतरले, हे मी विसरणार नाही.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "मागून झालं."

"आई, पण मी तर..."

"कागद मागितलास. समद्यांनी ऐकलं." त्या माझ्या जवळ आल्या. "कसला कागद?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी हातातल्या चपलेकडे. शेवटी चिमीनं नाक पुसत सांगून टाकलं, "काकीचा परीक्षेचा फॉर्म. काकी म्हणाली, कुणाला सांगू नको."

"परीक्षा? लगीन झाल्यावर?"

"एकच वर्ष राहिलंय, आई."

त्यांच्याशी तोवर मी स्वतःबद्दल बोललेलं ते पहिलंच पुरं वाक्य.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, डोहाकडे पाहिलं. मग पदर खोचला.

"चला. कांदं उतरवायचं ऱ्हायल्यात."

* * *

घरी आल्यावर या दिवसाचे किस्से सुरू झाले. कांद्याचा किस्सा झाला, शेंगदाण्यांचा झाला, चपलेचा तर रोज. डोहाचा किस्सा मात्र चपलेपाशीच संपायचा. कागदाचं कुणी नाव काढत नव्हतं. सासूबाई मला भाकरी थापायला शिकवत होत्या, माझी पहिली जमलेली भाकरी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली, जाऊबाई माझ्या वाटणीचं पाणी न सांगता भरत होत्या. माणसं इतकी चांगली, की रागावायचीही सोय नव्हती. दुसरा फॉर्म आणता आला असता. पण आणून करायचं काय? मागणं मागून झालं होतं, आणि 'हो' कुणी म्हटलं नव्हतं.

चिमीनं मात्र दाराच्या मागं खडूनं रेघा मारायला घेतल्या. रोज एक. आईचा मार खाऊन झाला होता, सगळी गणितं नव्या वहीत पुन्हा लिहायला लागली होती, तरी विश्वास ढळला नव्हता.

"काकी, तू उपास करतेस ना? महाराजांनी केला होता."

"नाही गं बाई."

"बरं. मग मी करते." आणि तिनं केला. सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत.

अकराव्या रेघेला महिनाअखेर चार दिवसांवर आली. मी मनातल्या मनात पुस्तकं बांधून माळ्यावर ठेवली.

बारावी रेघ मंगळवारची. त्या दिवशी एक नवल घडलं. अंगात ताप असतानाही गेटवर उभे राहणारे मामंजी, त्यांनी रजा घेतली! सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि दोघं सकाळच्या एसटीनं गेले. "कुठं?" जाऊबाईंनी विचारलं. "चष्म्याला," मामंजी म्हणाले. संध्याकाळी परत आले. चष्मा नव्हता. सासूबाईंचे पाय धुळीनं भरलेले, पण चेहरा असा, की कुणीतरी त्यांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं असावं.

बुधवारी सकाळी चिमीनं तेरावी रेघ ओढली, देवाला नमस्कार करायला गेली, आणि तिथूनच किंचाळली.

"काकीऽऽ! वर आला!"

देव्हाऱ्यात हळदकुंकवाच्या करंड्याखाली फॉर्म होता. घडी न पडलेला. कॉलेजचा शिक्का कोपऱ्यात. चिमीनं तो नाकाशी धरून वास घेतला, बोटानं चोळून पाहिला.

"कोरडा आहे! आणि शाई जराही पसरली नाही!"

पसरणार कशी, आत काही लिहिलंच नव्हतं. नाव नाही, विषय नाहीत, सगळ्या जागा मोकळ्या. फक्त खाली, 'पालक किंवा पती यांची सही' लिहिलेल्या रेघेवर, एक अंगठा उमटला होता. निळा, ठसठशीत, जरा जास्तच दाबलेला.

हे माझ्या खांद्यावरून बघत होते. "आता मी सही कुठं करू?" ते म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"इंद्रायणीतनं आलं व्हय? बरं झालं. भर लवकर, मुदत संपतीया."

चिमी माझ्या बाजूनं आत घुसली आणि आजीचा हात धरून उलटा केला.

"आजी, तुझा अंगठा निळा कशानं झाला?"

"वांगी चिरली," सासूबाई म्हणाल्या.

मामंजी दारात जोडे घालत होते. त्यांनी आमच्या सगळ्यांवरून बोट फिरवलं, "आठ" म्हणाले, आणि ड्यूटीला निघून गेले.

त्या दिवशी आमच्याकडे मुगाची आमटी होती.